ऐंशीच्या दशकातली हिट गाणी आणि त्यांचं मूळ गाव

मांडवीकाठचा :
गेल्या शनिवारी पाहुण्यांना घेऊन मोरजीला गेलेलो. पुण्याचे पाहुणे, त्यांना कासवं बघायची होती, कासवं काय भेटली नाहीत मग शॅकवर जाऊन बसलो. तिथं दोन पोरांचा बँड, एक गिटार एक कीबोर्ड. शेजारच्या टेबलावर पाचसहा रशियन, सगळे साठीच्या आसपासचे. त्यातली एक बाई उठून त्या गिटारवाल्या पोराकडे गेली आणि एवढंच म्हणाली, "जिमी जिमी". पोरानं सुरू केलं आणि काय सांगू, अख्खं टेबल उभं राहिलं, बाईला पूर्ण गाणं पाठ, हिंदीत, म्हणजे हिंदीच्या जवळपासचं काहीतरी. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, आणि बियर अजून आली पण नव्हती.

'डिस्को डान्सर' सोव्हिएत रशियात तुफान चाललेला हे मला ऐकून माहीत होतं पण असं डोळ्यांनी पहिल्यांदाच बघितलं. तर परत येताना गाडीत भाचा (वय १९, जगातलं सगळं माहीत) म्हणतो, मामा ते बप्पीनं ढापलंय, मूळ फ्रेंच आहे. मी त्याला गप्प बसवला. घरी येऊन ऐकलं तर कार्टं खरं बोलत होतं. ओतावान नावाची जोडी, गाणं 'तेस ओके', १९८०. आपलं आलं १९८२ ला.

म्हणजे फ्रान्सचं गाणं मुंबईला आलं, मुंबईहून मॉस्कोला गेलं आणि चाळीस वर्षांनी मोरजीला उतरलं. रात्री झोप लागली नाही मला, म्हटलं धागा काढू. ऐंशी ते नव्वदमधली हिट गाणी, मूळ कुठलं ते लिहा. ढापलेलीच पाहिजेत असं नाही, शब्द कुठून आले, चाल कशी सुचली तेही चालेल. फक्त व्हॉट्सअपवर आलेलं खात्री न करता इथं ओतू नका ही विनंती.

कॅसेटवाला_म्हापसा :
पात्रांव, हा धागा माझ्यासाठीच काढलायस असं वाटतंय. १९८१ ते ८९ मी मामाच्या कॅसेटच्या दुकानात बसायचो, म्हापशाच्या बाजारात. लोक वहीच्या पानावर यादी घेऊन यायचे, आम्ही कोऱ्या साठच्या किंवा नव्वदच्या कॅसेटवर भरून द्यायचो. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी तर जेवायला फुरसत नसायची. आणि आमच्याकडे इंग्लिश रेकॉर्ड पण असल्यामुळे कुठल्या चालीचा बाप कोण हे आम्हाला दुकानातच कळायचं, गिऱ्हाईकाला सांगायचं नाही एवढा मामाचा नियम.

ओतावानचं निघालंच आहे तर पुढचं ऐक. ती गाणी करणाऱ्यांतला एक म्हणजे डॅनियल व्हॅनगार्ड. त्याचा मुलगा थोमा बांगाल्तेर, 'डाफ्ट पंक'मधला एक! तुझ्या भाच्याला सांग, तो ज्यांची गाणी हेडफोनवर ऐकतो त्यांच्या बापाच्या चालीवर त्याचा मामा सातवीत नाचलाय.

त्याच पिक्चरमधलं 'औवा औवा', उषा उथुपचं, ते बगल्स या इंग्लिश बँडच्या १९७९ च्या 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' वरून. 'प्यारा दुश्मन'मधलं 'हरी ओम हरी' (१९८०) हे इरप्शनच्या 'वन वे तिकिट' वरून, आणि ते पण इरप्शनचं स्वतःचं नव्हे, नील सेडाकानं १९५९ लाच म्हटलेलं. म्हणजे बप्पीदांनी घेतलं ते सेकंडहँडच होतं. मिथुनच्याच 'डान्स डान्स'मधलं (१९८७) 'झूबी झूबी' मॉडर्न टॉकिंगच्या 'यू आर माय हार्ट' वरून. ही कॅसेट आमच्याकडे हातोहात जायची, दोन्ही बाजूंनी, म्हणजे मॉडर्न टॉकिंगची पण आणि मिथुनची पण, घेणारे तेच.

'आप जैसा कोई' मात्र यात धरू नका हां. 'कुर्बानी' (१९८०) चं बाकी संगीत कल्याणजी-आनंदजींचं पण हे एक गाणं बिद्दूचं. बिद्दू बंगळुरूचा, लंडनला जाऊन १९७४ ला 'कुंग फू फायटिंग' करून जगभर वाजवलेला माणूस. गायली नाझिया हसन, पंधरा वर्षांची पोर, फिल्मफेअर घेऊन गेली. इथं आपण चोरलं नाही, बाहेर गेलेला आपला माणूसच ओरिजिनल माल घेऊन परत आला.

दिवचलीची_बाय :
'आप जैसा कोई' आमच्या शाळेच्या गॅदरिंगला नाचायला बाईंनी परवानगी दिली नव्हती!! 'पायोजी मैने' वर नाचा म्हणाल्या. अजून राग आहे.

तारवटी७९ :
नमस्कार मंडळी. मी इथं वाचतो फार, लिहित नाही, पण आज राहावत नाही. मी १९७९ ला पहिल्यांदा जहाजावर चढलो, म्हणून नावात ७९. घरचे मूळचे पेडण्याचे, आमच्यात बोटीवर जाणारा मी पहिलाच, शेजारच्या गावातले ख्रिश्चन पोर चढायचे त्यांच्याबरोबर गेलो.

आमची बोट त्रिनिदादला लागलेली, पोर्ट ऑफ स्पेन. संध्याकाळी बाहेर पडलो तर एका बारमध्ये रेकॉर्ड वाजतेय, तिकडच्या कॅलिप्सो गाण्यांसारखा ठेका, खाली ढोलकी असल्यासारखी वाटतेय, आणि गाणारा म्हणतोय "ओम शांती ओम". मी आमच्या बोटीवरच्या कुकला म्हटलं माझ्या कानात काहीतरी झालंय. बारवाल्याला विचारलं तर म्हणाला लॉर्ड शॉर्टी, इथलाच. त्यानं कॅलिप्सोमध्ये तिथल्या आपल्या भारतीय लोकांचे ढोलक, धनताल असं मिसळून नवीनच प्रकार काढला, त्याला सोका म्हणतात. ऊसमळ्यात राबायला बिहार-युपीहून नेलेल्या मजुरांबरोबर ते ढोलक तिकडे गेलेलं.

१९८० ला चवथीला सुट्टीवर घरी आलो. गणपती पोचवायला निघालो तर कोपऱ्यावरच्या लाउडस्पीकरवर "मेरी उमर के नौजवानो... ओम शांती ओम". 'कर्ज' लागलेला. मी डोक्यावर पाट घेऊन तसाच उभा, भाऊ म्हणतो चल रे, गणपती पाण्यात बुडवायचाय की इथंच?

आता याला तुम्ही काय म्हणणार सांगा. ढोलक आपलं, ते गेलं त्रिनिदादला, तिथून शॉर्टीनं घेतलं, शॉर्टीकडून लक्ष्मीकांत-प्यारेलालनी घेतलं आणि पेडण्यात वाजलं. मला तर ते गाणं आमच्यातलाच कोणीतरी वाटतो, बोटीवर गेलेला आणि दहा वर्षांनी बॅगा घेऊन परत आलेला.

मांडवीकाठचा :
काका, दंडवत. याच्यासाठीच धागा काढलेला.

आणि एक जोड मिळाली बघा तुमच्या त्रिनिदादला. 'जिमी जिमी' जिनं गायलं ती पार्वती खान, ती मूळची त्रिनिदादचीच!

कॅसेटवाला_म्हापसा :
'कर्ज'मधलं 'एक हसीना थी' ची ती गिटार, जी ऐकून सिमी गरेवालला घाम फुटतो, ती जॉर्ज बेन्सनची. हे मामाला कळायला दोन वर्षं लागली, कळल्यावर म्हणाला, 'आता बेन्सनची कॅसेट कर्जच्या शेजारी ठेवू नकोस.'

घुमटवादक :
आमच्या वाड्यावरची गंमत लिहितो. चवथीला आमच्याकडे आरत्या घुमट-शामेळ या वाद्यांवर दोन दोन तास चालतात हे इथल्यांना सांगायला नकोच. मध्ये भजनं पण होतात आणि आमच्या एका काकांना सिनेमाच्या चालींवर भजन बसवायची भारी हौस. १९८३ का ८४ ला त्यांनी 'डिस्को डान्सर'मधलं 'कृष्णा धरती पे आजा तू' जसंच्या तसं घेतलं, म्हणाले यात बदलायचं काय, देवाचंच तर आहे. घुमटावर डिस्कोचा ठेका, झांजा, सगळं. भटजी उठून गेले.

मी आत्ता काही वर्षांपूर्वी ओरिजिनल ऐकलं. टिलमन ब्रदर्स म्हणून इंडोनेशियातून हॉलंडला गेलेले भाऊ होते, त्यांचं गाणं. नाव आहे 'जीझस'.

म्हणजे जीझसचा कृष्ण झाला आणि आमच्या वाड्यावर गणपतीसमोर उभा राहिला. आमच्या गोव्यात चारशे वर्षांत बरंच उलटसुलट झालंय पण हे एवढं सोपं कोणी केलं नव्हतं 😄

अजून पुढे आहे. ते गाणारा नंदू भेंडे. आपल्या आत्माराम भेंडेंचा मुलगा. आणि १९७० च्या दशकात मुंबईत अलिक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' केलं त्यात ज्युडासचं काम कोणाचं? नंदू भेंडेचंच. काकांना हे सांगायला पाहिजे होतं, राहिलं.

फोंड्याची_ताई :
सगळं वाचलं. किस्से छान आहेत, तारवटीकाकांचा तर फारच. पण एक बोलू का, राग मानू नका.

तुम्ही सगळे 'गाणं फिरून आलं', 'बोटीवरून परत आलं' असं गोड गोड लिहिताय. तारवटीकाका बोटीवर गेले तेव्हा त्यांच्या हातात पासपोर्ट होता आणि त्यावर त्यांचं नाव आणि गाव होतं. या गाण्यांच्या पासपोर्टवर भलत्याचं नाव आहे. कॅसेटच्या कव्हरवर 'संगीत : बप्पी लाहिरी' एवढंच. ओतावानचं नाव कुठंय? टिलमनचं कुठंय? शॉर्टीला दमडी तरी गेली का?

आणि आपल्याला हे माहीत नव्हतं असं नाही. मी नाट्यसंगीत शिकले. आमच्या संगीत नाटकांतल्या चाली पण इकडून तिकडून घेतलेल्या, कर्नाटकातल्या, हिंदुस्थानी चिजांवरच्या, लावणीच्या, साक्या-दिंड्या. पण जुनी नाटकाची पुस्तकं उघडा, प्रत्येक पदाच्या डोक्यावर छापलंय, 'चाल : अमुक अमुक'. किर्लोस्करांचं सौभद्र आलं १८८२ ला. डिस्को डान्सर आला १९८२ ला. बरोब्बर शंभर वर्षं आधी आमच्या लोकांना एक ओळ छापायची लाज वाटत नव्हती, मग यांना का वाटावी?

घुमटवादक :
ताई, हे 'चाल' वालं लाजवाब. आता वाद घालायची सोय राहिली नाही.

मांडवीकाठचा :
ताई, पॉइंट मान्य. पण मी १९८३ ला थिएटरात तिसऱ्या रांगेत बसून जो आनंद घेतला तो परत कसा करू? तो तर ओरिजिनल होता ना.

फोंड्याची_ताई :
आनंद ठेवा तुमच्याकडे, मी कुठं मागतेय. चाल लिहा म्हणतेय.

म्हार्दोळकर :
रामलक्ष्मणबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून? 'मैंने प्यार किया' १९८९. आमच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी. 'आते जाते हसते गाते' म्हणजे स्टीव्ही वंडरचं 'आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू', १९८४ चं. आणि 'मेरे रंग में रंगने वाली' सुरू होताना जो कीबोर्ड वाजतो तो स्वीडनच्या युरोप बँडच्या 'फायनल काउंटडाऊन' चा, १९८६.

पण माझा मुद्दा वेगळाय. रामलक्ष्मण म्हणजे मराठी माणूस, नागपूरचे विजय पाटील. मुळात दोघं होते, राम म्हणजे सुरेंद्र आणि लक्ष्मण म्हणजे विजय, हे जोडनाव दादा कोंडक्यांनी दिलेलं, 'पांडू हवालदार' या जोडीचंच. राम १९७६ ला गेले तरी लक्ष्मणनं जोडीदाराचं नाव शेवटपर्यंत पुढे ठेवलं, स्वतः २०२१ ला जाईपर्यंत. आता बघा, स्टीव्ही वंडरचं नाव लावलं नाही त्या माणसानं पण मेलेल्या मित्राचं नाव पंचेचाळीस वर्षं काढलं नाही. ताईंच्या हिशोबात हे कुठं बसवायचं मला कळत नाहीये.

फोंड्याची_ताई :
हे माहीत नव्हतं. थांबा, विचार करते.

नवखा_पर्वरी :
इथं पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या घरातला एक तंटा सोडवून हवाय. पप्पा रोज दाढी करताना एकच शीळ घालतात. पप्पा म्हणतात ही 'सागर' मधली. आजो (वय ८८, कान अजून तिखट) म्हणतात हे आमच्या तरुणपणीचं आहे, तुझा बाप तेव्हा जन्मला पण नव्हता. आई म्हणते दोघं पण चुकतात, हे तिची आई भांडी घासताना गुणगुणायची ते 'ममता' मधलं. रोज सकाळी हेच. मी रेकॉर्ड करून टाकू का?

कॅसेटवाला_म्हापसा :
टाकू नको, न ऐकताच सांगतो. तिघं पण बरोबर.

'नौजवान', १९५१, एस. डी. बर्मन, 'ठंडी हवाएँ'. हे आजोचं. 'ममता', १९६६, रोशन, 'रहें ना रहें हम'. हे आईच्या आईचं. मग आर. डी. नं बापाच्याच चालीवर 'अगर तुम ना होते' (१९८३) मध्ये 'हमें और जीने की' केलं, आणि १९८५ ला 'सागर किनारे'. हे पप्पांचं. एक धागा पकडून चौघीजणी विणत गेल्यासारखं आहे ते, एकाच्या डोक्यावर दुसरं ठेवून गाऊन बघ, बसतं.

आणि मजा म्हणजे चारही ठिकाणी आवाज आहे लताबाईंचा. चौतीस वर्षांत एकच चाल चार कपडे घालून त्यांच्यासमोर आली, आणि त्या मंगेशीच्या लेकीला ते पहिल्या ओळीला कळलं नसेल असं मला तरी वाटत नाही.

नवखा_पर्वरी :
आई गं. आता हे घरी सांगितलं तर तंटा मिटेल की वाढेल?

दिवचलीची_बाय :
वाढेल 😂

सुर्ला_ते_सासष्टी :
बसमधली गाणी विसरलात सगळे. मी रोज साखळीहून पणजीला प्रायव्हेट बसनं यायचो, कंडक्टर "फुडें वच, फुडें वच" करत दाबायचा आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर 'हवा हवा', हसन जहांगीर, एक बाजू संपली की तीच परत. ते पाकिस्तानी आहे एवढं सगळ्यांना माहीत असतं पण त्याच्याही मागे इराण आहे, कुरोश यगमाई नावाचा गायक, त्याचं 'हवार हवार'. फारसीतून कराची, कराचीतून साखळी.

'त्रिदेव' चं 'ओये ओये' (१९८९) पण त्याच बसमध्ये. ते ग्लोरिया एस्टेफानच्या 'रिदम इज गॉना गेट यू' वरून, ती मूळची क्युबाची.

संपादक_मंडळ :
मधल्या तीन प्रतिक्रिया काढल्या आहेत. 'बॉबी'तल्या गाण्याची भाषा कोकणी की मराठी हा विषय या धाग्यावर नको. १९८७ ला राजभाषेचं जे झालं ते झालं, आता गाण्यांवर बोला.

म्हार्दोळकर :
संपादकमहाशय, काढलं ते बरं केलंत पण त्यातली माहिती तेवढी ठेवायची होती, म्हणून वाद वगळून परत लिहितो. 'बॉबी' १९७३ चा, ऐंशीतला नाही हे कबूल, पण 'ना माँगूँ सोना चाँदी' मधलं ते "घे घे घे रे सायबा" आपल्याकडच्या देखणी या नाचगाण्याच्या प्रकारातलं, 'हांव सायबा पलतडीं वेतां'. कार्लुश एउजेनियु फेरेरांची चाल, एकोणिसाव्या शतकातली. नाचणारीण होडीवाल्याला सांगते, दामूच्या लग्नाला पलीकडे सोड, हवं तर पैंजण घे, नाकातली घे. म्हणजे आपण जगाचं ढापलं तसं आपलं पण ढापलेलं आहे. आणि ढापणारे पण मुंबईतले तेच.

तारवटी७९ :
त्या मुंबईवाल्यांच्या शेजारी पेटी, व्हायोलिन, ट्रंपेट घेऊन कोण बसायचे? आपलेच. इथल्या चर्चच्या शाळेत पोरांना नोटेशन वाचायला शिकवायचे, म्हणून मुंबईच्या स्टुडिओत संगीतकारानं तोंडानं गुणगुणलेलं कागदावर उतरवायला गोंयकार लागायचा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, त्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. पुढे 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) ते नाव अख्ख्या देशानं गायलं पण गाणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत होतं की हा खराखुरा माणूस आहे आणि माजोर्ड्याला राहतो? ताई म्हणतात ना कव्हरवर नाव नाही, तर आमच्या या लोकांची नावं पण नव्हती बघा. अरेंजर, कॉर्ड लिहिणारे, कोणाचीच नाहीत.

फोंड्याची_ताई :
काका तेच तर. मी फ्रान्सवाल्यांचीच बाजू घेतेय असं नाही, माजोर्डेवाल्यांची पण तीच बाजू आहे.

आणि नाव लावायला लावता येतं हे पण दिसलंय. बप्पीदांचंच 'थोडा रेशम लगता है', १९८१ चं 'ज्योती' मधलं, लताबाईंचं. ते अमेरिकेत २००२ ला 'अ‍ॅडिक्टिव्ह' नावाच्या गाण्यात सरळ कापून चिकटवलं, नाव नाही गाव नाही. तेव्हा हेच बप्पीदा कोर्टात गेले आणि तिथल्या न्यायाधीशानं सांगितलं, नाव लावल्याशिवाय विकायचं नाही. बरोबरच केलं. पण त्या दिवशी त्यांना ओतावान आठवला असेल का हो?

मांडवीकाठचा :
🙏 ताई तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं.

दिवचलीची_बाय :
सगळं वरून खाली ढापलेलंच आहे का हो, एखादं तरी स्वतःच्या डोक्यातून आलेलं सांगा ना, उदास व्हायला झालं.

सुर्ला_ते_सासष्टी :
'एक दो तीन' घे. 'तेजाब', १९८८. लक्ष्मीकांतनी चाल ऐकवताना शब्द नव्हते म्हणून नुसते आकडे म्हटले, एक दो तीन चार पाँच. जावेद अख्तर म्हणाले आकडेच राहू देत. आणि तारखा मोजता मोजता 'तेरा' वर आणून अशी मेख मारली की आकडा पण तोच आणि 'तुझा' पण तोच. कच्चा माल म्हणून आलेलं होतं ते, पक्कं होऊन बसलं.

तसंच 'हवा हवाई' (१९८७). कविता कृष्णमूर्तींनी ते नुसतं शूटिंगपुरतं डमी म्हणून गायलेलं, खरं दुसऱ्या आवाजात होणार होतं. मग तेच ठेवलं. त्यात एका ठिकाणी 'जीनू' च्या जागी 'जानू' झालंय, ती चूक पण तशीच राहिली. आता नीट ऐक, सापडेल.

आणि 'सिलसिला'तलं 'रंग बरसे' हरिवंशराय बच्चनांचं, मीरेच्या लोकभजनावरून. १९८१.

दिवचलीची_बाय :
'जानू' सापडलं!!! चाळीस वर्षं ऐकतेय, आत्ता कळलं.

म्हार्दोळकर :
आपल्या मराठीत पण त्या काळातलं एक आठवतं, १९८७ चं 'गंमत जंमत', 'अश्विनी ये ना', किशोरकुमार मराठीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. मला वाटायचं ही पण चाल कुठूनतरी उचललेली असणार, एवढी बाहेरची वाटते, पण अरुण पौडवालांची आहे. आमच्याकडे जत्रेच्या नाटकात मध्यंतराला ऑर्गनवर वाजवायचे, ऑर्गनवर ते फार भयाण वाटायचं.

भाटातलो :
शॅकवर 'रेड रेड वाइन' वाजतं ना रोज, यूबी४० चं, १९८३. त्याची गंमत म्हणजे खुद्द यूबी४० ला माहीत नव्हतं की ते नील डायमंडचं आहे, १९६७ चं! त्यांनी टोनी ट्राइबची जमैकन रेगे आवृत्ती ऐकलेली, लेखकाचं नाव नुसतं 'एन. डायमंड' असं होतं, त्यांना वाटलं असेल कोणीतरी जमैकन डायमंड. म्हणजे नाव छापलं तरी कळतंच असं नाही, फोंड्याच्या ताईंसाठी.

फोंड्याची_ताई :
छापलं होतं म्हणूनच पैसे नील डायमंडला गेले हो.

भाटातलो :
शरण आलो. आणखी एकच लिहितो आणि झोपतो. लंबाडा. काओमा बँडचं, १९८९ ला निघालं, आमच्याकडे १९९० च्या कार्निव्हालला नुसता धुमाकूळ. आमच्या आल्तिनोच्या घराशेजारी एक म्हातारे शिक्षक राहायचे, जुन्या पोर्तुगीज शाळेत, लिसेवमध्ये शिकलेले. पोरं कंबर हलवत नाचताहेत आणि म्हातारे व्हरांड्यात बसून डोळे पुसताहेत. मी विचारलं, सर काय झालं. म्हणाले, अरे तुम्ही कशावर नाचताय ते कळतं का, ते पोर्तुगीज आहे, 'जिनं मला एकेकाळी रडवलं ती आज रडत रडत निघून गेली.' पुऱ्या पणजीत तेव्हा नाचत होते ते सगळे तरुण आणि शब्द कळत होते ते सगळे म्हातारे.

त्याचं पण मूळ पोर्तुगीज नव्हेच. बोलिव्हियाच्या लोस कहार्कास या बँडचं स्पॅनिश गाणं, १९८१, मंद उदास चालीचं. ते न विचारता घेतलं म्हणून काओमावाल्यांवर केस झाली आणि पैसे मोजावे लागले (ताई खूष). आणि १९९० च्या 'घायल'मध्ये बप्पीदांनी 'सोचना क्या जो भी होगा देखा जाएगा' केलं. रडकं गाणं होतं त्याचं 'होईल ते होईल' झालं, एवढा प्रवास.

मांडवीकाठचा :
भाचा आत्ता धागा वाचून गेला. म्हणतो मामा, २०२२ ला चीनमध्ये लॉकडाऊनला लोक कंटाळलेले तेव्हा रिकामी भांडी कॅमेऱ्यासमोर धरून 'जिमी जिमी' वर व्हिडिओ टाकायचे, कारण चिनीत 'जिए मी' म्हणजे तांदूळ उसने द्या. मी म्हटलं हे आधी का नाही सांगितलंस. म्हणतो, तुम्ही मला गाडीत गप्प बसवलेलं.

नवखा_पर्वरी :
अपडेट. कॅसेटवाल्याकाकांचं उत्तर रात्री जेवताना वाचून दाखवलं. आजो म्हणाले, बघ, सगळ्यात आधी माझंच. आई म्हणाली, सगळ्यात गोड माझंच. पप्पा काही बोलले नाहीत. आज सकाळी दाढी करताना त्यांनी मुद्दाम वेगळीच शीळ घातली. मी आईला विचारलं हे कुठलं, ती म्हणाली अरे हे लंबाडा. तेवढ्यात न्हाणीतून आजो ओरडून शब्द म्हणायला लागले, पोर्तुगीजमध्ये, पहिल्या ओळीपासून. पप्पांना ब्लेड लागलं.